बंद करू नये

मी बोलतोय, सांगलीच्या एका कॉलेजातला फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर. हसू नका! १९९६ साली माझा थाट होता. लोक माझ्या खोलीत चपला काढून यायचे.

स्वानंदी तिथं संशोधन करायची. तिची आई, चारुलताबाई, ऑपरेशन थिएटरात नर्स. पेशंटला दिलेला गुंगीचा वायू त्याच्या उच्छ्वासातून खोलीतच पसरायचा. बाईंचं डोकं ठणकायचं. दोनदा चक्कर येऊन पडल्या. तिसऱ्यांदा पडल्या तर काम सुटणार होतं.

स्वानंदीचं म्हणणं, तो उच्छ्वास बारीक भोकांच्या खड्यांतून सोडायचा. वायू भोकांत अडकेल, खडे तापवले की परत मिळेल. पण कुठले खडे? ते मी आकड्यांत करून बघायचं. एकेक कण भोकात टाकायचा, टिकतो का बघायचं. लाखो वेळा! घट बसले त्या दिवशी मी सुरू झालो. थिएटरच्या डॉक्टरांना दसऱ्याला उत्तर हवं होतं. माझ्या कपाळावर तिनं चिठ्ठी चिकटवली : 'चालू आहे. बंद करू नये.'

वीज गेली तर बॅटरी होती. शिपाई जोतीरामचं काय करणार?

खंडेनवमीला तो झेंडू, हळदकुंकू, नारळ घेऊन आला. स्वानंदी जेवायला गेलेली. माझं तासाभराचं काम उरलेलं. चिठ्ठी वाचून तो घुटमळला.

"आज हत्याराला इसावा द्याचा आस्तो गड्या. पूजेपुरतं बंद करतो, लगीच लावतो."

अरे, नको रे! पण मला कुठलं तोंड? त्यानं हात जोडले आणि बटण दाबलं.

नऊ दिवस पाण्यात गेले. मधले आकडे साठवायची सोय स्वानंदीनं केली नव्हती, चूक तिचीही.

काळा पडदा बघून तिनं आधी चिठ्ठीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "जोतीरामकाका, आता आईचं काय हो?"

त्याच्या हातातलं खोबरं तसंच राहिलं. "आवं ताई, मला म्हाईत न्हवतं. पुन्यांदा लावा. मी हितनं हालत न्हाई."

डॉक्टरांनी कुरकुरत दहा दिवस दिले. रोज बाई कामावर जायच्या आणि इथं आम्ही त्या धड घरी परतल्याच्या निरोपाची वाट बघायचो. जोतीराम बटणापुढं स्टूल टाकून बसला, प्राचार्यांनाही जवळ फिरकू देईना. नवव्या दिवशी पडद्यावर एका खड्याचं नाव उमटलं.

थिएटरात खड्यांचा डबा बसला त्या संध्याकाळी चारुलताबाई आल्या, चपला काढून. माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज डोकं दुखलं नाही रे बाबा."

आता मी अडगळीत आहे, वायर कधीच काढलेली. खंडेनवमीला जोतीराम तेवढा येतो. कुंकू लावतो आणि सुटलेली चिठ्ठी पुन्हा चिकटवतो. मला भंगारात द्यायचं तर द्या. ती चिठ्ठी मात्र काढू नका.