काळा चौकोन, पोकळ चौकोन

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही. शाळेतून तरणतलावावर नेणार होते तेव्हा बाबांनी मला ताप असल्याची खोटी चिठ्ठी दिली होती. एरवी खोटं बोललं की जेवणावरून उठवणारा माणूस. पण पाण्याचा विषय आला की त्यांचे नियम बदलत, आणि कारण सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी विचारत नसे.

कारण असं. बाबा पाच वर्षांचे असताना धरण बांधून झालं आणि त्यांचं गाव तलावाखाली गेलं. आजोबा बाबांना आणि आत्याला घेऊन शहरात आले. आजी आली नाही. आजी पाण्यात गेली. कशी, कुठे, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांच्या पश्चात बाबांनी आत्याला कधी विचारलं नाही.

दरवर्षी कोरड्या दिवसांत तलाव ओसरला की काठाजवळ एक दगडी खांब वर निघतो. तो आमच्या फाटकाचा खांब. बाबा घडीची खुर्ची घेऊन जातात, खांबाकडे तोंड करून बसतात आणि दुपार उतरली की घरी येतात. लहानपणी आम्हीही जायचो. कंटाळा आला की बाबा आम्हाला त्यांच्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगत. ते चौदा वर्षांचे होते. आजोबा पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांना तिथे घेऊन आले होते. "खांब दाखवला, म्हणाले, हे आपलं. मी मागे वळून बघितलं तर टेकडीच्या कुशीत धूर दिसत होता. विचारलं, तिथे कोण राहतं? म्हणाले, कोळसे पाडणारा असेल. चल, गाडी चुकेल." गोष्ट इथेच संपायची. आम्हाला तीत काही गंमत वाटायची नाही.

या वर्षी बाबांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. दोन जिने चढले की ओठ निळसर दिसतात. डॉक्टरांनी प्रवास कमी करा म्हटलं, तेव्हा बाबा मला म्हणाले, "तुझं मोजमापाचं शिक्षण एकदा माझ्या कामी येऊ दे. जुने नकाशे असतात ना सरकारकडे? आपलं घर खांबापासून किती आत होतं ते काढून दे. होडीतून जाईन. बरोबर त्याच्यावर थोडा वेळ थांबेन, आणि मग पुन्हा काही मागणार नाही."

गुडघाभर पाण्यात न उतरलेला माणूस होडीत बसणार होता. मी हो म्हटलं.

जिल्ह्याचे जुने नकाशे एका लांबट, थंड खोलीत ठेवलेले आहेत. पत्र्याच्या रुंद, उथळ खणांत आडवे. तिथले नकाशेवाले गळ्यात भिंग अडकवून फिरतात, म्हणून येणारे-जाणारे त्यांना भिंगकाका म्हणतात. मी काम सांगितल्यावर ते म्हणाले, "घराणं शोधायला आलात म्हणजे. प्रत्येकाला राजवाडा हवा असतो. निघतो गोठा."

"आमचं घर पाण्याखाली आहे."

"मग बरं. बुडालेल्या जागेवरून भावकी भांडत नाही."

त्यांनी मला तीन मोजण्यांचे नकाशे दिले. एक धरणाच्या आधीचा. दुसरा धरणानंतर नऊ वर्षांनी केलेल्या मोजणीचा. तिसरा त्याच्याही बारा वर्षांनंतरचा. पहिल्या मोजणीत गावाबाहेरच्या एकट्या घरांना मालकाच्या आडनावाने ओळखत. आमचं आडनाव बारीक अक्षरांत होतं, पुसट पण सबंध. शेजारी काळा चौकोन, त्याच्या मागे विहिरीचं वर्तुळ. मी ते आधी बोटाने झाकलं आणि मग पुन्हा पाहिलं.

काम अवघड नव्हतं. पहिल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरून घर, विहीर आणि रस्ते गिरवायचे, मग तो कागद दुसऱ्या नकाशावर ठेवायचा. न हलणाऱ्या तीन खुणा जुळवायच्या: टेकडीच्या माथ्यावरचा मोजणीचा दगड, वरच्या रस्त्याचा तिठा आणि एक मोठा कातळ. जुना कागद वर्षानुवर्षं थोडा आकसतो, म्हणून खुणा पहिल्या फटक्यात जुळत नाहीत. तेवढी सूट मी धरली होती.

कागद ठेवला तेव्हा घर तलावात पडलं नाही. ते काठाच्या बरंच वर, टेकडीच्या उतारावर पडलं.

मी चूक माझी धरली. कागद उचलून पुन्हा ठेवला. नंतर उंचीच्या रेषा वाचल्या. तलाव काठोकाठ भरतो तेव्हा पाणी जिथवर पोचतं, त्या रेषेच्या दोन रेषा वर आमचं घर होतं. आणि बाबा ज्याला फाटकाचा खांब म्हणतात त्या जागी पहिल्या नकाशावर चुन्याच्या भट्टीची खूण होती. आमच्या घराचा आणि त्या खांबाचा काही संबंध नव्हता. बाबा इतकी वर्षं एका भट्टीकडे तोंड करून आणि स्वतःच्या घराकडे पाठ करून बसत होते.

मी घरी आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, नव्या कागदावर सगळं पहिल्यापासून गिरवलं. उत्तर तेच आलं. तेव्हा कुठे मी दुसऱ्या नकाशावरचा तो चौकोन नीट पाहिला. आता त्याला आडनाव नव्हतं. चौकोन मात्र भरीव काळा होता.

नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचे अर्थ दिलेले असतात. पोकळ चौकोन म्हणजे पडकं घर. भरीव काळा म्हणजे छप्पर असलेलं, राहतं घर. तिसऱ्या नकाशावर तो चौकोन पोकळ झाला होता.

"सापडलं का?" भिंगकाकांनी विचारलं.

"सापडलं."

"मग तोंड असं का? गोठा निघाला?"

मी दुसऱ्या नकाशाची प्रत मागून घेतली आणि नकाशे परत केले.

भरीव चौकोन कोण राहतं ते सांगत नाही. ते आत्याच सांगू शकली असती. ती बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठी. आयुष्यभर शिवणकाम केलं, आता नजर गेली तरी हात रिकामे ठेवत नाही. मी गेले तेव्हा खिडकीशी बसून पात्याने एका जुन्या कोटाची शिवण उसवत होती.

"आत्या, आपलं घर बुडालं नव्हतं."

तिचं पातं थांबलं नाही. "कोण म्हणतं?"

"नकाशा."

"नकाशा राहायला होता का तिथे?"

"नाही. तू होतीस."

तिने उसवलेला दोरा ओढून काढला, बोटाला गुंडाळला. "शिकलेल्या पोरींचं हे असं. घरात नीट सांगितलेली गोष्ट पटत नाही, कागद पटतो."

"नऊ वर्षांनंतरही तिथे कुणीतरी राहत होतं."

तिने बोटावरचा दोरा सोडवून खाली टाकला. मग बोलायला लागली ते माझ्याशी नव्हे, कोटाशी बोलल्यासारखी.

"पाणी इथवर चढणार नाही, आई म्हणायची. सगळं गाव हललं, ही म्हणे विहीर माझी, घर माझं, मी कशाला हलू? बाप म्हणाला, माणूस नाही काणूस नाही, एकटी करशील काय? म्हणाली, तुम्हीही राहा, मग एकटी कशी. झालं. त्याने आम्हाला उचलून गाडीत घातलं. त्याला वाटलं, चार दिवसांत सुतासारखी सरळ होऊन येईल. तिला वाटलं असणार, चार दिवस पोरं रडतील आणि हा आणून सोडेल. दोघं एकाच मातीचे."

"आणि पाणी?"

"नाही चढलं. तेच तर त्याला सोसलं नाही. तिचं म्हणणं खरं निघालं ना."

"मग बाबांना..."

"तुझा बाप रोज दाराशी बसायचा. आई कधी येणार, आई कधी येणार. एक दिवस आमचा बाप म्हणाला, ती पाण्यात गेली. त्या दिवसापासून पोराने विचारणं बंद केलं. बाप मला म्हणाला, तू तोंड उघडलंस तर तुलाही तिकडे नेऊन सोडेन." ती जराशी हसली. "मी मनात म्हटलं, ने की. पण बोलले नाही."

"नंतर? आजोबा गेल्यावर?"

"नंतर काय सांगू? की इतकी वर्षं ठाऊक होतं? लग्न झाल्यावर गेले होते मी एकदा. छप्पर खाली बसलं होतं. विहिरीवर झाकण होतं, त्यावर दगड ठेवलेला. नीट ठेवलेला. शेजारपाजार नव्हताच, विचारणार कुणाला?" तिने कोट उलटा केला. "झाकली मूठ झाकलीच राहू दे, बाई. त्याला दोन पावलांत दम लागतो. बसू दे त्या होडीत. पाणी काय, सगळीकडे सारखंच."

परतताना मला तिचं म्हणणं पटलं होतं. बाबांना हवं होतं ते निरोप घेण्यापुरतं ठिकाण. खांबापासून थोडं आत, तलावाच्या कोऱ्या निळ्या भागात, मी पेन्सिलने एक फुली मारली. तिथे काही नव्हतं. बाबांना ती दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून बघितली. "जवळच आहे की," म्हणाले. "मला वाटलं होतं, खोल असेल."

आठवड्याभराने आम्ही गेलो. पाणी ओसरलं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या. होडीवाला मासेमारी करणारा, तोंडाचा मोकळा. बाबांना बघून म्हणाला, "आजोबा, होडी जुनी आहे, पण तुमच्याहून तरुण आहे. घाबरू नका."

"घाबरत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, विजार वर गुंडाळली. पाय पांढरेफटक होते. एक पाऊल पाण्यात टाकलं आणि माझा दंड धरला. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. "घर तिथे नाही."

होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि वल्ह्याने उगाच चिखल टोचायला लागला.

मी त्यांना काठावर आणून खुर्चीत बसवलं. गिरवलेला कागद आणि दुसऱ्या नकाशाची प्रत गुडघ्यांवर पसरली. भट्टी कुठे, घर कुठे, पाणी कुठवर, हे दाखवलं. आत्याने सांगितलेलंही सांगितलं, जेवढं वाक्यांत बसलं तेवढं. त्यांचं बोट त्या चौकोनावर होतं.

"काळा म्हणजे?"

"छप्पर होतं. कुणीतरी राहत होतं."

"मोजणी कुठल्या वर्षी केली?"

मी वर्ष सांगितलं. हा प्रश्न येईल हे मला ठाऊक होतं आणि येऊ नये असं मी वाट चालताना मनात म्हणत आले होते. बाबांना हिशेब करावा लागला नाही. चौदाव्या वर्षी ते इथे उभे होते.

"म्हणजे कोळसे पाडणारा नव्हता," ते म्हणाले.

पाण्यावरून वारा आला तसा कागद फडफडला, मी तो धरून ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काखेत कळसा," आणि म्हण पुरी केली नाही.

मग त्यांना वर जायचं होतं. उठले, दहा-बारा पावलं चढले आणि छातीवर हात ठेवून थांबले. होडीवाला म्हणाला, पाठीवर घेतो. बाबा म्हणाले, नको, त्यापेक्षा तू ही खुर्ची फिरव. त्याने खुर्ची फिरवली. बाबा तलावाकडे पाठ करून बसले. पहिल्यांदाच.

"तू जा," मला म्हणाले. "पोचलीस की हात कर. मला बघायचंय, तिथला माणूस इथून दिसतो का."

मी कागद घेऊन चढले. पाऊलवाट नव्हती. काटेरी झुडपांतून वाट काढत कातळ डावीकडे ठेवला आणि बेताने वळले. विहीर आधी सापडली. झाकण कुजून आत पडलं होतं, दगड काठावर होता. जोतं तिच्यासमोर. चार कोपरे, मधे गवत. उंबऱ्याचा दगड जागेवर होता आणि मधोमध घासून खोलगट झाला होता. मी त्यावर उभी राहिले.

तिथून सगळं दिसत होतं. तलाव, भट्टीचा खांब, ओला काठ, होडी, आणि काठावर खुर्चीत बसलेला माणूस. एवढ्या अंतरावरून चेहरा कळत नव्हता. पण माणूस आहे, तो बसलेला आहे, त्याचं तोंड इकडे आहे, एवढं स्पष्ट कळत होतं. त्या वर्षी काठावर एक मोठा माणूस आणि एक मुलगा आला होता, हेही इथून कळलं असतं.

मी हात वर केला. मग दोन्ही हात. मग गिरवलेला कागद उलगडला, दोन्ही कोपरे धरून डोक्यावर उंच केला आणि हलवला. कागद वाऱ्यात ताणला गेला. उन्हात तो पांढरा चमकत असणार.

होडीवाल्याला दिसला. त्याने वल्हं उंचावलं, मग वाकून बाबांना काहीतरी सांगितलं, बोटाने दाखवलं. बाबांनी कपाळावर हात धरला आणि बराच वेळ वर बघत राहिले. मी कागद खाली केला नाही. पण ते माझ्या थोडं डावीकडे बघत होते.