मार्टची पायरी

बाभुळगावच्या आठवडी बाजारात मैनाबाईची डाळीची जागा अठ्ठावीस वर्षं ठरलेली. घरची तूर, घरच्याच जात्यावर भरडलेली; तिच्या डाळीला कधी ओरडून गिऱ्हाईक बोलवावं लागलं नाही. मग रस्त्यापलीकडं मार्ट उघडलं. बाजार समितीत तूर ज्या भावानं जाते, त्याहून स्वस्त तिथं डाळ मिळू लागली. आधी बाजार मोडायचा, मग भाव चढवायचे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बाजारकऱ्यांचे अध्यक्ष देवराव. त्यांनी लिंबाखाली सगळ्यांना ज्याच्या त्याच्या देवाची शपथ घालून बजावलं, मार्टची पायरी चढायची नाही. तक्रारही वरपर्यंत धाडली.

चौकशीला वरून अधिकारी मॅडम आल्या. नगरपंचायतीच्या सभागृहात मार्टच्या वकिलानं सरळ हात झटकले, असा भाव कधी नव्हताच म्हणाला. मॅडमनी तक्रारदारांकडं बिल मागितलं. पायरीच कुणी चढलं नाही तर बिल कुठलं? पुरावा नसेल तर तक्रार निकाली काढावी लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं.

बिल मैनाबाईच्या कनवटीला होतं. आणावं की नको करत तिनं ते आणलं होतं. आपली डाळ विकायची आणि मार्टची शिजवायची, असं तिचं दिवाळीपासून चाललं होतं. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, बाई स्वतःचीच डाळ खात नाही. पण बाजारच उठला तर गिऱ्हाईक तरी कुठून येणार? लाजेनं अर्धी होत ती उठली.

"मॅडम, मी गेलती मार्टात. शपथ मोडली मी. हे घ्या बिल."

वकिलानं बिल निरखलं आणि लगेच बोलणं फिरवलं. म्हणे, तो स्वस्त भाव एका दिवसाच्या योजनेचा होता. मॅडमही म्हणाल्या, एका तारखेवर काही ठरत नाही, आणखी तारखा लागतील.

मैनाबाईनं मागं वळून पाहिलं. जन्मभर बाजारात बसलेली बाई, माणसाची नजर तिला वाचता येत होती. तिच्या नजरेला नजर द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"आता कायले लाजता बाप्पा," ती हळूच म्हणाली. "काढा न."

आधी मिरचीवाल्या जुबैदानं बटवा उघडला. मग एकेक चुरगळलेला कागद टेबलावर येत गेला. शेवटी देवराव उठले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार बिलं काढली आणि मान खाली घालून मॅडमसमोर ठेवली. त्यातलं सगळ्यात जुनं शपथेच्या दुसऱ्याच दिवशीचं होतं.