रेडिंग ते बाथ, तीन दिवस

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला की तो दादाचाच असणार, हे सुनेत्राला न उचलताच कळायचं. ती हाक मारायची, "अहो, इंग्लंड आलं!" मग श्रीरंग चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचा, तो अर्धा-पाऊण तास उठायचा नाही.

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, मनोहर. नऊ वर्षांनी मोठा. इंग्लंडात डिव्हायझेस नावाच्या छोट्या गावी शाळेत गणित शिकवायचा. श्रीरंग अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहायचा. नगरला लहान असताना दादानेच त्याला सायकल शिकवली होती. पाय पोचायचे नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून, आणि मागे सीट धरून दादा पळतोय. पन्नाशी ओलांडल्यावर दादाला सायकलचं वेड पुन्हा लागलं. रविवारी पहाटे तो निघायचा, दुपारी घरी यायचा, आणि त्याच्या दुपारी दोनला, म्हणजे इकडे नऊला, फोन लावायचा.

"आज कुठे?" श्रीरंग विचारायचा.

"आज प्यूसीपर्यंत. रंगा, इथले चढ म्हणजे आपल्या घाटासारखे नाहीत रे. चादर झटकल्यावर लाट येते ना, तशी जमीन. आत्ता वर, आत्ता खाली. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, रस्ता इतका अरुंद की ट्रॅक्टर आला की आपण कुंपणात. आणि टेकडीच्या अंगावर खडूचा पांढरा घोडा. माती खरवडून काढलाय."

गावाजवळूनच कालवा जायचा. पूर्वी घोडे काठावरून चालत बोटी ओढायचे, त्याच वाटेवरून आता सायकली. गावाच्या उताराला पाण्याची दारं एकाखाली एक, एकूण एकोणतीस. बोट खाली उतरवायची तर माणसाचा दिवस जायचा. दादा म्हणायचा, "आपल्याला वीस मिनिटं. पण आपण थांबायचं. बोटवाल्यांना दार ढकलायला हात लावायचा, मग ते चहा देतात."

बेत त्यातूनच निघाला. रेडिंगला सायकलवर बसायचं आणि कालव्याच्या काठाने, मध्ये मध्ये टेकड्यांतून, बाथला जायचं. तीन दिवस, दोघंच. "वारा पश्चिमेचा, म्हणजे सगळा तोंडावर," दादा हसायचा. "पण बाथला पोचल्यावर काहीतरी केलं असं वाटेल."

श्रीरंगने सायकल घेतली. ट्रॉयजवळच्याच रॉचेस्टरकडून ओढ्याच्या कडेने जुन्या रेल्वेलाइनवर वाट केली होती, तिथे तो शनिवारी जायचा. सपाट, खडीची वाट. चढ म्हणून नव्हताच. तो दादाला सांगायचा, "चाळीस किलोमीटर केले." दादा म्हणायचा, "सपाटीवर? मग वीस धरतो."

पण निघता मात्र येत नव्हतं. २००२ मध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात श्रीरंगही गेला. पाच महिने घरी. मग दुसरी नोकरी, ग्रीन कार्डचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. अर्ज चालू असताना देशाबाहेर पडायचं तर सरकारी परवानगीचा कागद लागायचा. तो न घेता गेलं तर अर्ज रद्द, आणि मुलीची, आन्याची, शाळा, घर, सगळंच हवेत. त्यात २००४ मध्ये पुन्हा कंपनी बदलली. रांग लांब होती. दादा दर उन्हाळ्यात विचारायचा आणि श्रीरंग म्हणायचा, "कागद आला की पहिलं विमान."

कागद आला २००५च्या फेब्रुवारीत. दारात गुडघाभर बर्फ होता. श्रीरंगने रविवारची वाटसुद्धा बघितली नाही, तिथूनच फोन लावला.

दादा म्हणाला, "मेमध्ये ये."

"मेमध्ये कसं रे? जूनअखेर आमचं गो-लाइव्ह आहे, नवी सिस्टिम चालू व्हायचीय. मी नवा आहे इथे, सुट्टी कोणत्या तोंडाने मागू? सप्टेंबर नक्की. तिकीटच काढतो."

"मेमध्ये कुंपणं पांढरीशुभ्र फुलतात. बघण्यासारखी."

"सप्टेंबरमध्ये काही फुलत नाही का?"

"सप्टेंबरमध्ये ब्लॅकबेरी असतात," दादा म्हणाला. "बरं. सप्टेंबर."

रात्री जेवताना सुनेत्रा म्हणाली, "जाऊन या ना मेमध्येच. एका आठवड्याने काय बिघडतंय?"

"तुला नाही कळणार," श्रीरंग म्हणाला. "परत पाच महिने घरी बसायचं का मी?"

श्रीरंगने बारा सप्टेंबरचं तिकीट काढलं.

एप्रिल, मे, जून, रविवारचे फोन येतच राहिले. दादा सांगायचा, आज ब्रॅडफर्डला गेलो, कालवा नदीवरून पुलाने जातो तिथे उभा राहिलो, खाली नदी, वर बोटी. आज क्रॉफ्टनला वाफेचा जुना पंप चालू होता. श्रीरंग हूं हूं करायचा. समोर लॅपटॉप उघडा असायचा, ऑफिसच्या भारतातल्या टीमचे मेल येत असायचे. एकदा दादा बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "टाइप करतोयस वाटतं."

"नाही रे, बोल तू. चढ होता का?"

"होता," दादा म्हणाला. "बराच होता."

जुलैच्या सहा तारखेला, बुधवारी, मीटिंगमध्ये असताना श्रीरंगचा मोबाइल वाजला. अहिल्यावहिनी दिवसा कधी फोन करायच्या नाहीत. तो बाहेर व्हरांड्यात आला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हे गेले. सकाळी."

त्याला वाटलं, सायकलवरून पडला. तेच त्याने विचारलं. "कुठे पडला? कुठल्या रस्त्याला?"

"पडले नाहीत. आजारी होते. तुम्ही या."

सप्टेंबरसाठी काढलेला इंग्लंडचा व्हिसा हाताशी होता, श्रीरंग त्याच संध्याकाळच्या विमानाने निघाला. ज्या कागदासाठी वर्षं गेली, तो विमानतळावरच्या माणसाने चार सेकंदांत बघून परत दिला. अंत्यसंस्कार शुक्रवारी झाले. शाळेतली पोरं युनिफॉर्ममध्ये आली होती. स्वादुपिंडाचा कॅन्सर, जानेवारीत कळला होता, एवढंच त्याला डॉक्टरांकडून समजलं. वहिनींना चार दिवसांत माणसांतून उसंतच मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा त्या खोलीत जाऊन दार लावून घेत होत्या. तो सोमवारी परत आला. गो-लाइव्ह दोन आठवडे पुढे ढकललं होतं. त्याच्यामुळे नव्हे, सर्व्हर आले नव्हते म्हणून.

सप्टेंबरचं तिकीट त्याने कॅन्सल केलं नाही. बारा तारखेला विमान त्याच्याशिवाय गेलं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वहिनी ट्रॉयला आल्या. डिव्हायझेसचं घर विकून त्या पुण्याला बहिणीकडे कायमच्या चालल्या होत्या, त्याआधी आठ दिवस. आन्या त्यांना "काकू" म्हणत इंग्रजीत सगळं सांगायची, त्या मराठीत उत्तर द्यायच्या, दोघींचं जमायचं. श्रीरंगशी मात्र त्या कामापुरतंच बोलायच्या. शनिवारी दुपारी सुनेत्रा आन्याला घेऊन पोहायच्या क्लासला गेली, तेव्हा त्याने विचारलंच.

"वहिनी, मला का नाही सांगितलंत?"

वहिनी मेथी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मी जानेवारीतच सांगणार होते. ह्यांनी शपथ घातली. म्हणाले, रंगा तसाच निघून येईल, आणि त्याचा अर्ज जाईल. कागद येऊ दे, मग सांगू."

"कागद तर फेब्रुवारीत आला."

"आला की. तुमचा फोन आला तेव्हा किती आनंदले होते! मेपर्यंत सायकलवर बसता येईल का, हे डॉक्टरांना विचारून आले होते. तीन दिवस नाही, एक दिवस तरी. मग तुम्ही सप्टेंबर म्हणालात."

श्रीरंग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"मी म्हटलं, आता तरी सांगा. तर म्हणाले, नको. मरतोय म्हणून नाही, सायकल चालवायला म्हणून आला तर येऊ दे."

"पण तो दर रविवारी जातच होता. मला सांगायचा. ब्रॅडफर्ड, क्रॉफ्टन..."

"मार्चनंतर सायकल बाहेर निघाली नाही, भाऊजी. पलंगावर नकाशा मांडीवर घ्यायचे आणि तुम्हाला सांगायचे. मला खोलीबाहेर जायला लावायचे, त्यांना माझ्यासमोर जमायचं नाही. फोन ठेवला की दोन तास झोपायचे. एवढ्याने दमायचे."

मेथीच्या काड्यांचा ढीग झाला होता. श्रीरंगने तो उचलला, कचऱ्यापर्यंत गेला आणि हातात तसाच धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना वहिनींनी पाहिले असतील. त्या उठल्या नाहीत.

"मला माफ करा, वहिनी."

वहिनींनी निवडलेली मेथी भांड्यात भरली.

"मी तेच ठरवून आले होते," त्या म्हणाल्या. "विमानात पाठ केलं होतं, की भाऊजींना सांगायचं, तुमचा दोष नाही. पण म्हणता येत नाही मला. खोटं कसं बोलू? जमेल कधीतरी. आत्ता नाही."

बुधवारी तो आणि सुनेत्रा त्यांना विमानतळावर सोडायला गेले. बॅग चेक-इन झाल्यावर श्रीरंग वाकला. भर गर्दीत त्याने वहिनींच्या पायांवर डोकं टेकवलं आणि उठेचना.

"उठा," वहिनी म्हणाल्या. "लोक बघतायत." मग त्यांनीच त्याला दंडाला धरून उभं केलं. हात क्षणभर तिथेच राहिला. "पोचले की फोन करते," त्या सुनेत्राला म्हणाल्या, आणि सिक्युरिटीच्या रांगेत गेल्या. पुढे वळणावर माणसं दाटली होती, त्यांत त्यांची करडी शाल थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

पार्किंगमध्ये श्रीरंग गाडीच्या दाराशी किल्ली घेऊन नुसताच उभा राहिला. सुनेत्राने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"बसा तिकडे," ती म्हणाली. "मी ड्राइव्ह करते."