उतरलेली साखर

मी ग्लुकोमीटर बोलतोय, निपाणीच्या मष्णूअण्णांच्या घरातला. अण्णा तंबाखूच्या वखारीत कामाला होते. रोज सकाळी बोटाला सुई टोचून ते रक्ताचा थेंब मला द्यायचे आणि मी त्यांची साखर सांगायचो. त्यांची बायको मंगल शेजारी सूप घेऊन विड्या वळत असायची. आकडा चांगला आला की तिचा चेहरा सैल व्हायचा.

इन्सुलिन सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दारू सोडा. उपाशीपोटी तर थेंबही नको. अण्णांनी थोडे दिवस पाळलं. मग एकदा पिऊन आले, आणि दुसऱ्या सकाळी माझा आकडा नेहमीपेक्षा खाली होता.

"घेतली की साखर उतरतीया बघ, मंगल," अण्णा खुशीत म्हणाले.

आकडा खरा होता. पण दारू पचवण्यात यकृत गुंतलं की ते रक्तात साखर सोडत नाही आणि साखर घसरतच जाते, हे मी कसं सांगणार? मला फक्त आकडे येतात.

उन्हाळ्यात वखारीतल्या भावकूच्या घराची वास्तुशांत होती. जेवण तिथंच आहे म्हणून अण्णा सकाळी इन्सुलिन टोचून उपाशीच निघाले. पंगत लांबली. मागच्या अंगणात बाटली उघडली होती.

दुपारी भावकूनं त्यांना गाडीवरून आणून सोडलं. अण्णा घामानं निथळत होते, हात थरथरत होते, शब्द अडखळत होते.

"वैनी, जरा जास्त झाली बघा. झोपू द्या त्यास्नी."

"जेवलं तरी का?"

"न्हाय, नको म्हणालं."

तोंडाला वास येत होता. मंगलनं रागानं चटई टाकली, त्यांना निजवलं आणि विड्या वळायला बसली. मी फळीवर होतो. कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

दिवेलागणीला ती चहा घेऊन उठवायला गेली. अण्णा उठेनात. अंग गार पडलेलं. तिनं घाईघाईनं मला उघडलं. आकडा दाखवण्याइतकीही साखर उरली नव्हती. मी नुसतं 'लो' दाखवलं. रिक्षातून दवाखान्यात नेलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. डॉक्टर म्हणाले, "फार वेळ गेला. मेंदूला साखरच मिळाली नाही."

अण्णा वाचले. पण आता ते दारात बसून असतात, आणि मंगलला 'आक्का' म्हणतात. "वास आला म्हणून मी तपासलंच न्हाय गं," असं ती शेजारणीला सांगते आणि डोळ्याला पदर लावते. हल्ली त्यांचं बोट तीच धरते.

एवढंच मागणं आहे. इन्सुलिन घेणारं माणूस पिऊन घरी आलं, तर आधी मला बाहेर काढा. रागवायचं ते मग रागवा, त्याला तुमची ओळख आहे तोवर.