आखूड नळी

नळाची मूठ ओढली तेव्हा पहिला ग्लास निघाला तो निव्वळ फेसाचा. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या तळाशी दोन बोटं बिअर दिसली, वर सगळा पांढरा ढीग.

"दादा, बिअर हाय का दाढीचा साबण?" दीपेश म्हणाला. "हळदीला पाहुणे आले की ब्रश पण ठेवू."

प्रितमने धाकट्या भावाकडे रागाने बघितलं आणि सिलिंडरचा रेग्युलेटर थोडा बंद केला.

पुढच्या शनिवारी करिष्माची, त्यांच्या बहिणीची, हळद होती. काल्हेर गावात हळद म्हटली की बिअरचे क्रेटवर क्रेट उतरतात. पण वडिलांच्या शेतावर गोदामं उभी राहून बंगला झाला, तेव्हापासून प्रितमच्या मनात एकच होतं. आपल्या दारात बिअर हॉटेलातल्यासारखी नळातून यायला हवी, आणि हळद झाल्यावरही तो नळ घरात राहायला हवा. त्याने जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून नळ बसवला, आत बिअरचं बॅरल ठेवलं आणि बाजूला गॅसचा सिलिंडर उभा केला. हे सगळं त्याने मांडलं ते पुढच्या पडवीत, कारण प्लग तिथे होता. त्याच्या वडिलांची, महादूंची खुर्चीही तिथेच होती.

रुचिका स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. प्रितमची बायको, कॉलेजात अकरावीला फिजिक्स शिकवणारी. काय चुकलंय ते तिला दुसऱ्या ग्लासालाच समजलं होतं. सामानाबरोबर चांगली दहा फुटांची बारीक नळी आली होती. "एवढी लांब कशाला? अर्धी बिअर नळीतच राहायची," असं म्हणत प्रितमने ती कापून हातभर ठेवली. पण ती लांबी उगाच नव्हती. गॅस बिअरला मागून ढकलतो, लांब अरुंद नळी तिला धरून ठेवते, म्हणून ती नळाशी शांतपणे पोचते. धरणारं कुणी नसेल तर ती उसळत बाहेर पडते आणि तिच्यात विरघळलेला वायू एकदम सुटतो. एका वाक्यात सांगता आलं असतं.

रुचिका आत वळली आणि कणीक मळायला लागली.

दोन वर्षांपूर्वी महादूंना रक्ताची उलटी झाली होती. घरातल्या बाकीच्यांनी ते ऐकलं. मोरी धुतली होती रुचिकाने. ठाण्याच्या हॉस्पिटलातून परत आल्यावर महादूंनी दारू सोडली, कुणाला न सांगता, शपथ न घेता. तेव्हापासून घरात बाटली आली नव्हती. हळदीचे क्रेट मांडवात आले असते आणि दुसऱ्या दिवशी गेले असते. हा नळ मात्र त्यांच्या खुर्चीपुढे वर्षानुवर्षं राहणार होता.

दुसऱ्या दिवशी प्रितमने धामणकर नाक्यावरच्या सोडावाल्याला विचारलं. तो म्हणाला, गॅस वाढवा. वाढवला, तर फेस भिंतीवर उडाला. एका हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलं, कमी करा. कमी केला, तर फेस तेवढाच आणि बिअर मेलेली.

"देऊन टाक परत," दीपेश म्हणाला. "क्रेट सांगू. गावात हसं नको."

आणखी एक दिवस, रुचिकाने मनात म्हटलं. मग हे जाईल.

दुपारी दोघे भाऊ मांडववाल्याकडे गेले. रुचिकाने महादूंना चहा नेऊन दिला. ते फ्रिजकडे बघत बसले होते.

"पोरी, बस जरा. यात काय चुकलाय तं तुना कललाय."

"नाही बाबा, मला कुठलं..."

"प्रितम गॅसचा चाक फिरवतं तवा तू चाकाकरं बघत न्हाय. नलीकरं बघतस."

रुचिकाला खोटं पुढे रेटता आलं नाही. "नळी आखूड झालीय," ती म्हणाली.

"मंग सांगत का न्हाय?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमच्यासाठी."

महादूंनी चहा बशीत ओतला. रस्त्यावरून एक कंटेनर गेला.

"तुजी सासू पैशांच्या कपाटाला कुलूप लावते. दीपेश मी आलू का बोलनं थांबवतं. लग्नाला गेलू तं मना पोरांच्यान बसवतान, हातान सरबत देतान. आता तू पन. आगं, मना पाय हायेत. नाक्यावर पाच दुकानं हायेत. बाटली गावत न्हाय म्हनून सोरली का मी?"

"बाबा, मी ते रक्त पुसलंय," रुचिका म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मला भीती वाटते."

"मना पन वाटते. रोज." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "उद्या प्यालू तं मी प्यालू. न्हाय प्यालू तं, तं पन माजंच ठेव. नलाला फेस आला म्हनून म्हातारा वाचला, असा नको करू."

रुचिका उठली. प्रयोगशाळेत झडप बंद केली की वायू थांबतो, याची तिला सवय होती. या माणसाला ती दोन दिवस तसंच बंद करून ठेवत होती, आणि त्याला ते समजत होतं.

संध्याकाळी तिने प्रितमला सांगितलं. दहा फुटांची नळी नवी आण, बारीकच आण, आणि फ्रिजच्या आत वेटोळं करून ठेव म्हणजे गार राहील.

"दोन दिवस मी झक मारतोय, आणि तू आत्ता सांगतेस?"

"हो. आत्ता सांगतेय."

तो आणखी काही विचारणार होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने गाडीची किल्ली उचलली.

दुसऱ्या दिवशी नळी बसली. मूठ ओढताच सोनेरी धार सावकाश आली, वर दोन बोटं फेस. दीपेशने शीळ घातली. प्रितमने भरलेला ग्लास उचलला आणि सवयीने वडिलांपुढे केला. पहिल्या ग्लासातले थेंब घरातल्या मोठ्याने वाडवडिलांना द्यायचे, हे तो लहानपणापासून बघत आला होता. मग त्याच्या लक्षात आलं आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"दे हिकरं, मी शिंपते," सासू, पुतळाबाई, घाईने पुढे झाल्या.

"तू कवापासून घरातला बाप्या झालीस?" महादू म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

त्यांनी ग्लास घेतला. बोट बुडवून थेंब जमिनीवर शिंपडले, गावदेवीचं नाव घेतलं, करिष्माचं बरं कर म्हणाले. मग ग्लास हातातच राहिला. फार वेळ नसेल. रुचिकाचा हात पुढे जायला निघाला. तिने तो मागे घेतला, त्यांच्यावरची नजर काढली आणि नळाखाली सांडलेलं पुसायला लागली.

"धर रं," तिला ऐकू आलं. "बेस गार हाय."

तिने वर बघितलं तेव्हा ग्लास भरलेलाच प्रितमच्या हातात होता आणि महादू खुर्चीत बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. रुचिकाने ते पाहिलं, आणि फडकं पिळायला मोरीकडे गेली.