मार्लिसचा चढता भाव

मार्लिस कुबिचेकला पक्षानं उभं केलं, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. आयोवाच्या विधानसभेतली आमची ही जागा कित्येक वर्षं समोरच्यांकडे आहे. मार्लिस शाळेत बँड शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिला गप्प बसवेना, आणि गावच्या रुग्णालयातला बाळंतपणाचा विभाग बंद झाल्यापासून तर मुळीच नाही. तो पुन्हा उघडायचा म्हणून ती उभी राहिली. प्रचाराचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शेजारीण.

निवडणुकीच्या निकालावर पैसे लावायचा इंटरनेटवरचा एक बाजार आहे. त्या वर्षी आमची जागाही त्यात आली. हिशोब सोपा: उमेदवार जिंकली तर तिच्या नावाच्या शेअरचे शंभर सेंट मिळणार, हरली तर शून्य. मार्लिसचा भाव होता एकतीस. म्हणजे जगाच्या मते तिची शक्यता शंभरात एकतीस. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती तो आकडा बघायची आणि दिवसभर पडेल चेहऱ्यानं दारोदार फिरायची.

तिचा नवरा वेंडल मक्याचं बियाणं विकतो. आमच्याकडचे पुरुष कौतुकाच्या बाबतीत मुळातच कंजूष, पण वेंडल त्या कंजुषांचाही सरदार. मार्लिसच्या बँडनं राज्यात पहिला नंबर काढला तेव्हा तो म्हणाला होता, "वाईट नव्हतं." बस्स.

सप्टेंबरात भाव चढायला लागला. चाळीस, मग पन्नास, मग चौसष्ट. गावच्या साप्ताहिकानं तो पहिल्या पानावर छापला. मार्लिस लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू लागली. आमचे कार्यकर्ते तर विधानसभेत ती कुठल्या समितीवर बसणार यावरून आपसात भांडू लागले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

निवडणुकीआधीच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून घरोघर जायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी मी कार्यकर्त्यांना फोन लावायला घेतले.

"एल्डा, चौसष्टवर आहे ती," डेल्बर्ट म्हणाला. "माझा मका अजून शेतात उभा आहे. मी एकटा नाही आलो तर काय बिघडणार आहे?"

"तुझा मका मत देणार आहे का?"

"तू पण ना," म्हणत त्यानं फोन ठेवला. बाकीच्यांचीही तीच रड. कुणाचा मका, कुणाचं सोयाबीन, आणि सगळ्यांच्या तोंडी चौसष्ट.

मी चिडून विचार करत बसले. हा भाव वाढवतंय तरी कोण? मग एकेक आठवायला लागलं. एका म्हातारीनं मार्लिसच्या तोंडावर दार आपटलं, दुसऱ्या दिवशी भाव वर. उमेदवारांच्या जाहीर वादविवादात तिची बोबडी वळली, दुसऱ्या दिवशी आणखी वर. तिचं काही बिनसलं की भाव चढायचा, हा कुठला उलटा बाजार? आणि दार आपटलेलं जगाला कसं कळणार? ते तिनं फक्त मला आणि घरात सांगितलं होतं.

मी तडक बियाण्याच्या दुकानात गेले.

"वेंडल, मार्लिसचे शेअर तू घेतोयस ना?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "उमेदवाराला मनाई आहे. नवऱ्याबद्दल नियमात काही नाही."

"मी तुला नियम विचारला का?"

"त्या बाजारात आपल्या जागेवर फारसं कुणी नाहीच, एल्डा. जरा घेतलं की भाव उडी मारतो. सकाळी आकडा बघून ती हसायची. मग मी आणखी घ्यायचो."

"अरे बाबा, तुझा तिच्यावर विश्वास आहे हे तोंडानं सांगितलं असतंस तर एक सेंट लागला नसता."

"ते मला जमत नाही," तो म्हणाला. थट्टा करत नव्हता.

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. आमचीही आली. महिनाभर अख्खं गाव आपणच आपली पाठ थोपटून घेत होतं आणि जगानं शाबासकी दिली असं समजत होतं.

"उद्या सकाळी चर्चच्या तळघरात ये आणि सगळ्यांसमोर सांग," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन."

शनिवारी तळघरात कोलाचेंनी, म्हणजे जर्दाळूचा जॅम भरलेल्या गोड पावांनी, ताटं भरली होती आणि माणसं मूठभर होती. वेंडल उभा राहिला.

"तो भाव माझा होता," तो म्हणाला. "मी घेत होतो, म्हणून चढला. चौसष्ट वगैरे काही नाही."

मार्लिस कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

"सगळा तुझाच?"

"बहुतेक."

आता ही घरी जाते, असं मला वाटलं. तिनं कोट अंगात घातला.

"एल्डा, डेल्बर्टला फोन लाव. म्हणावं, एकतीस."

डेल्बर्ट दुपारी मक्याचा धुरळा अंगावर घेऊनच आला. मागोमाग इतरही आले. अंधार पडेपर्यंत आम्ही दारं ठोठावली. मंगळवारी मार्लिस पन्नासेक मतांनी पडली. ऑक्टोबरभर सगळे असे फिरले असते तर, असं मी आजही म्हणते. त्याला काही अर्थ नाही हेही मला कळतं. बाळंतपणाचा विभाग काही उघडला नाही.

निकाल ऐकून ती रडली नाही. सगळ्यांचे आभार मानले, खुर्च्यासुद्धा स्वतः घडी करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी ताटं परत द्यायला गेले, तेव्हा दोघं स्वयंपाकघरात उरलेले कोलाचे खात बसले होते.

"पुढच्या वेळी काही विकत घेऊ नकोस," मार्लिस त्याला म्हणत होती. "मला सांग."

वेंडल ताटलीतला जॅम सुरीनं खरवडत राहिला. आता हा "बरं" म्हणून उठणार, असं मी धरूनच चालले होते.

"तू चांगली आमदार झाली असतीस," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

मार्लिस तेव्हा रडली. मी ताटं ओट्यावर ठेवली आणि मागच्या दारानं घरी आले.