एकशे सत्त्याऐंशी गणितं

प्रेसवाल्याचा फोन सकाळीच आला. "ताई, गणितं फुटून राह्यली. अक्षर ठीक हाय, पण अपूर्णांक पुसट फोटोवानी दिसते."

धम्मदीपा पडघानचं अनसिंगला बसस्टँडसमोर टायपिंगचं दुकान. तिनं भागवत सरांच्या पुस्तकाची फाइल उघडून एका समीकरणावर क्लिक केलं. ते उघडेना. दुसरंही उघडेना. प्रेसला जुन्या प्रकारची फाइल हवी होती, म्हणून परवा तिनं ती तशी सेव्ह केली आणि त्यात प्रत्येक समीकरणाचं चित्र होऊन बसलं. चित्रातला घातांक हलत नाही, छेद बदलत नाही. आणि एका नावाच्या दोन फाइली नकोत म्हणून मूळची तिनंच पुसून टाकली होती.

तीन आठवड्यांचं काम होतं. ती नुसती बसून राहिली.

भागवत सर अकराला आले. शाळेत त्यांनीच तिला गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर दहावीच्या पोरांसाठी त्यांनी गणितांचं पुस्तक लिहायला घेतलं होतं, एका वहीत, बारीक अक्षरात.

"सर, माह्या हातानं चूक झाली. सगळी समीकरणं पुन्हा टाकावी लागतीन."

"सगळी?"

"एकशे सत्त्याऐंशी."

सरांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मंग मी वाचतो, तू टाक," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढली.

त्या दिवसापासून ते रोज यायचे. "कंस. एक्सचा वर्ग, उणे सहा एक्स. कंस बंद." ती कंस टाकायची, घातांकाचा चौकोन उघडायची, त्यात दोन लिहायची, बाहेर यायची. एकदा बाहेर यायचं विसरलं की पुढची सगळी ओळ वर चढून बारीक व्हायची. मग मागे जाऊन पुन्हा. दुपारी लाइट जायची तेव्हा दोघं पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. तिचा उजवा खांदा मानेपर्यंत दुखायचा.

पाचव्या दिवशी सर वाचत होते, "एक्स वर्ग उणे सहा एक्स अधिक तेरा बरोबर शून्य. उत्तर, पाच आणि एक."

तिचे हात थांबले. पहिल्या वेळी तिनं हे नुसते आकार म्हणून टाकले होते. आता कानावर पडलं तसं मनात पाच घालून पाहिलं.

"सर, पाच टाकलं तर आठ येते. शून्य नाई येत."

"काहून नाई येत?"

"पंचवीस, वजा तीस, अधिक तेरा. वर्गमुळात छत्तीस वजा बावन्न होते, तुमी सोळा लिहिले. ते उणे सोळा हाय. याले वास्तव मूळच नाई."

सरांनी वही डोळ्यांजवळ नेली. "धम्मदीपा, हे म्याच केलं?" "अजून किती असतीन?"

बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं, त्याला चौदा वर्षं झाली होती. तरी ती म्हणाली, "मी पाह्यतो एकेक. तुमी बसा."

"राहू दे. पुस्तकच राहू दे."

"असं कसं राहू दे? अर्धं झालं ना."

मग टाइप करायच्या आधी ती प्रत्येक गणित कागदावर सोडवू लागली. आधी टाकलेलीही तपासली. काम दुपटीनं वाढलं. आणखी चार चुका निघाल्या. चौथी निघाली तेव्हा सरांनी वहीत लाल पेनानं दुरुस्ती केली आणि पुढचं वाचलं.

सतराव्या दिवशी शेवटचं समीकरण झालं. यावेळी तिनं फाइलच्या तीन प्रती ठेवल्या आणि प्रेसला विचारून पीडीएफ पाठवायचं ठरवलं. सर उठता उठता म्हणाले, "पहिल्या पानावर टाक. गणितं तपासली, धम्मदीपा पडघान."

"सर, मी ग्रॅज्युएटबी नाई."

"डिगरी नको लिहू मंग. नाव लिही."

तिनं लिहिलं. ओळ सरळ होती, त्यात ना घातांक ना छेद.

घरी पोचली तर आई, बेबीताई, ओट्यावर तांदूळ निवडत होती. धम्मदीपा चपला न काढताच शेजारी टेकली.

"झालं का वं?"

"झालं."

"मंग अशी काहून बसली?"

"बसू दे ना, माय. थोडं."

बेबीताईनं सूप दुसऱ्या बाजूला सरकवलं. मग दोघी तशाच बसल्या.